आई, स्क्रीनवर काय लिहिलंय?

मला काळजी करायला फार मोठं कारण लागत नाही. गॅस बंद केला का, हे बघायला मी अर्ध्या वाटेवरून दोनदा परत येते आणि तिसऱ्यांदा आई घरापुढच्या खळ्यातूनच ओरडते, "बंद हाय गो! जा आता, गाडी चुकवशील." सावर्डे ते रत्नागिरी हा माझा रोजचा प्रवास. रत्नागिरीला एका कचेरीत मी आवक-जावक बघते. सकाळच्या पॅसेंजरने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. इतकी वर्षं झाली, तरी उक्षीच्या पुढचा तो लांबलचक बोगदा सुरू झाला की मी अजूनही पर्स छातीशी धरते. का, ते मलाही सांगता येत नाही.

त्यामुळे आमच्या गाडीला नवे डबे लागले आणि दरवाजाच्या वर स्क्रीन आल्या, तेव्हा बाकीच्यांना जी मजा वाटली ती मला वाटली नाही. पूर्वी गाडीला उशीर झालाय हे नुसतं पोटात जाणवायचं, आता ते मिनिटांसकट समोर लिहून यायला लागलं. पुढील स्टेशन, घड्याळ, बाहेरचं तापमान, आणि मधल्या वेळात जाहिराती. सिमेंट, मग साड्यांचं दुकान, मग मसाले, मग बारावीचे क्लास, मग डासांचं औषध, की पुन्हा सिमेंट. आवाज बंद करायची सोय नाही. संगमेश्वरला देवरूखकडची मंडळी चढायची, त्यातल्या एक शिक्षिका रोज माझ्यासमोरच्या बाकावर बसायच्या. "काल पोरांना पाढे शिकवताना तोंडात सिमेंटचं गाणं आलं हो," असं त्या एकदा कपाळाला हात लावून म्हणाल्या होत्या.

बोगद्यात शिरलं की स्क्रीनचं डोकं फिरायचं. रेंज जायची बहुधा. मागचंच स्टेशन दाखवत बसायची आणि बाहेर पडल्यावर जाग आल्यासारखी पुढचं नाव टाकायची. आमच्या मार्गावर बोगदे किती, ते कोकणात गाडीने आलेल्या कुणालाही विचारा. तर ही अशी अर्धवट भरवशाची स्क्रीन. आणि तिच्यावर मी माझ्या आईचे डोळे तपासत होते.

आईला साखर आहे, बरीच जुनी. मागच्या वर्षी तिला दिव्याभोवती धूर दिसायला लागला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखरेने डोळ्याच्या आत मागच्या बाजूला सूज आलीय, दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल. डोळ्यात! ते ऐकून मी तिथेच खुर्ची शोधली. आई मात्र शांत. "सुई हाय, भाला नाय," म्हणाली आणि पदर सावरून आत गेली.

पहिल्या इंजेक्शननंतर डॉक्टरांनी मला एक काम दिलं. घरी लक्ष ठेवा, म्हणाले. एकेक डोळा झाकून लांबचं काहीतरी वाचायला लावा, कॅलेंडर वगैरे, आणि फरक वाटला तर तारखेची वाट न बघता घेऊन या. काळजी करणाऱ्या माणसाला डॉक्टरनेच काळजीची नोकरी दिली म्हटल्यावर काय विचारता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी आईला भिंतीपासून सात पावलं मागे उभी केली.

कॅलेंडर काही उपयोगाचं नव्हतं. संकष्टी कधी, अमावास्या कधी, हे तिला न बघता ठाऊक. घरातलं सगळंच तिला पाठ. आमच्या वाडीत गणपतीत घरोघर आरत्या होतात, एकेका घरी तास तास चालतात, आणि हातात पुस्तक घेतलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. मृदंगावर थाप पडली की त्या ठेक्यावरून पुढची आरती कुठली ते कळतं आणि तोंडं आपोआप सुरू होतात. बायकांच्या बाजूने सुरुवात आईची. ती चौथीपर्यंत शिकली, वाचता उत्तम येतं, पण वाचण्याची गरज तिला फारशी पडलेली नाही. एकदा कानावरून गेलं की ते तिचं झालं. अशा बाईला कॅलेंडर वाचायला लावणं म्हणजे वेळ घालवणं. तिला माहीत नसलेलं, सारखं बदलणारं काहीतरी हवं होतं.

ते गाडीत सापडलं. आईला घेऊन दवाखान्यात जायचं होतं, सकाळची गाडी, आम्ही डब्याच्या मध्यावर बसलेलो, आणि स्क्रीन पार टोकाला. मी तिच्या उजव्या डोळ्यावर माझा तळहात धरला आणि विचारलं, "आई, स्क्रीनवर काय लिहिलंय?"

तिने मान पुढे काढली. "पुढील... स्टेशन... आरवली रोड," तिने अडखळत वाचलं. मग दुसरा डोळा. "शुद्ध... शुद्ध मसाले. खालचं बारीक हाय, नाय दिसत." मी ते मोबाइलमध्ये टिपून ठेवलं. डावा बरा, उजवा जरा कमी. माझ्या मते यापेक्षा चोख तपासणी कुठल्या दवाखान्यात होणार नव्हती.

पुढच्या महिन्यात ती जरा सफाईने वाचायला लागली. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी. मी विचारायचा अवकाश, ती धडाधडा सांगायची. मसाल्यांच्या पाकिटावर काय लिहिलंय, क्लासचे प्रवेश सुरू झालेत, साड्यांवर सूट आहे. पूर्वी न दिसणारं बारीकसुद्धा. समोरच्या शिक्षिका कौतुकाने म्हणायच्या, "मावशी, माझ्यापेक्षा तुमची नजर चांगली." आई पदर तोंडाला लावून हसायची. मला तर गाडीतच साखर वाटावीशी वाटायची, पण साखरेनेच सगळं झालेलं, म्हणून गप्प बसायची.

हे सगळं मी डॉक्टरांना सांगायची. नुसतं सांगायची नाही, मोबाइल काढून वाचून दाखवायची. दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता आई बरा वाचायची. ती नेहमी तपासणीच्या खोलीच्या दाराशीच बसायची, पंखा तिथेच चांगला लागतो म्हणून. आमच्याकडची माणसं तक्ता काही मनातल्या मनात वाचत नाहीत, शेताच्या बांधावरून हाक मारल्यासारखी वाचतात. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. डॉक्टर एकदा म्हणाले, "स्कॅनमध्ये थोडी सूज दिसतेय अजून. पण नजर टिकून आहे आणि तुम्ही घरी इतकं बघताय, तर अंतर वाढवून बघू." एका महिन्याचे दोन झाले. मग तीन. मी रिक्षात बसल्या बसल्या मुंबईला दादाला फोन करून सांगितलं. त्याने मागे एकदा म्हटलं होतं की डोळे गेले तर आईला गावात ठेवता येणार नाही, इकडेच आणावी लागेल. आई शेजारीच बसून ऐकत होती.

आयुष्यात एकदाच मी निर्धास्त झाले, आणि तेही नको तिथे. कारण त्या तीन महिन्यांत घरात जे व्हायला लागलं होतं ते मला दिसत होतं. चहा कपाच्या बाहेर पडला. "कप हलला," आई म्हणाली. तांदूळ निवडायचं सूप ती माझ्या पुढ्यात सरकवायला लागली, हात दुखतात म्हणून. कडी लावताना बोटं आधी दरवाजावर फिरायची. एरवी यातल्या एकेका गोष्टीवर मी रात्र रात्र जागले असते. पण लगेच मनात यायचं, अगं, मागच्या वेळी तिने डब्याच्या टोकाचं बारीक अक्षर वाचलं की! आणि मी झोपायची.

एकदा तर गाडीतच गंमत झाली होती. बोगद्यातून बाहेर पडता पडता मी विचारलं, "काय लिहिलंय?" आणि आई म्हणाली, "पुढील स्टेशन भोके." मी वर बघितलं तर स्क्रीनवर अजून उक्षी होतं. तेवढ्यात अक्षरं हलली आणि भोके आलं. मी म्हटलं, आपणच उशिरा बघितलं असेल. माणसाला जे हवं असतं तेच तो बघतो, माझे तर दोन्ही डोळे धडधाकट होते.

भातं कापून झाल्यावर, तीन महिन्यांनंतरच्या तपासणीला आम्ही निघालो. त्या दिवशी डॉक्टर ठरवणार होते, इंजेक्शनं थांबवायची की चालू ठेवायची. चढताना आईचा पाय पायदानावर न पडता हवेत पडला, मी दंड धरला म्हणून निभावलं. "चपलाच नव्या हायत," ती म्हणाली. चपला मागच्या वर्षीच्या होत्या.

संगमेश्वर मागे पडलं. समोरच्या शिक्षिका येऊन बसल्या. मी मोबाइलमध्ये जुन्या नोंदी काढत होते, डॉक्टरांना नीट क्रमाने दाखवता याव्यात म्हणून. मान वर न करताच मी आईच्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "आई, आता काय लागलंय?"

"मसाल्याचं," आई ताबडतोब म्हणाली. "शुद्ध मसाले. नवीन पाकिटात. खाली बारीक लिवलंय, सगळ्या दुकानांत मिळेल."

मी टिपायला लागले. उजवा डोळा, बारीक अक्षर, चांगलं. तेव्हा समोरून शिक्षिका हळूच म्हणाल्या, "अहो, स्क्रीन बंद आहे आज."

मी वर बघितलं. स्क्रीन काळी होती. पूर्ण काळी. आवाज तेवढा येत होता, मसाल्याची जाहिरात संपून क्लासची सुरू झाली होती. माझा हात अजून आईच्या डोळ्यावर होता. तिची पापणी माझ्या तळव्याला लागत होती, ती भराभर उघडझाप करत होती.

शिक्षिका खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांना बोललं नसतं तर बरं असं झालं असणार. मी हात काढला. मग मी विचारलं ते फार मूर्खासारखं होतं. "मग तू वाचत काय होतीस?"

आई मांडीवरची पिशवी चाचपत राहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मसाल्याच्या आधी घुंगरू वाजतं. सिमेंटला ढोल हाय. साड्यांची बाय आधी हसते."

"आणि स्टेशनं?"

"त्याला काय बघायचं? पुलावरनं गाडी गेली की आवाज पोकळ होतो. बोगदा लांबला की भोके."

"पण बारीक अक्षर?"

"तूच एकदा मोठ्यानं वाचलंस की."

हे खरं होतं. ती न वाचू शकलेलं मीच तिला पहिल्या वेळी वाचून दाखवलं होतं, चूक सुधारावी तसं. तिने एकदा ऐकलं, तेवढं तिला पुरे.

"पहिल्यांदा वाचलंस ते तरी खरं होतं ना?"

"तेव्हा दिसत व्हतं."

"मग कधीपासून नाही?"

"उजव्यानं शिमग्यापासनं नाय." मग पिशवीचा बंद ओढत, "डाव्यानं उजेड कळतो. माणूस हाय ते कळतं. तोंड नाय कळत."

शिमग्यापासून. मी मनात महिने मोजायला लागले आणि मोजता येईनात. त्या महिन्यांत मी दर वेळी तिच्यासमोर बसून खुशीत मान हलवत होते, अंगठा वर करून शाबासकी देत होते, आणि तिला समोर नुसतं एक माणूस आहे एवढंच कळत होतं. त्याच महिन्यांत मी डॉक्टरांना माझा मोबाइल वाचून दाखवत होते. इंजेक्शनं माझ्या सांगण्यावरून लांबली होती. डॉक्टरांनी काही मनाने ठरवलं नव्हतं, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

घाबरले की मला राग येतो. हा माझा जुना दोष आहे. भर डब्यात मी आईवर ओरडले. "तुला घर सोडायचं नाही ना? मुंबईला दादाकडे जायचं नाही, म्हणून हे सगळं! एका घरासाठी डोळे घालवलेस तू!" आणखीही बोलले, ते लिहवत नाही. आजूबाजूची माणसं बघत होती. बोगदा आला, दिवे पिवळे झाले, कानात गाडीचा आवाज भरला आणि त्या आवाजात मला माझे शब्द ऐकू आले नाहीत, पण मी बोलत होते. बाहेर पडलो तेव्हा आई तशीच बसली होती. काळ्या स्क्रीनमधून ढोल वाजला, सिमेंट.

रत्नागिरीला उतरताना शिक्षिकांनी तिचा एक हात धरला, मी दुसरा. आम्ही रिक्षा केली. चढावावरून शहर दिसायला लागलं आणि माझ्या डोक्यात एकच विचार फिरत होता, डॉक्टरांना सांगायचं कसं. आपण सांगितलं नाही तर? आज नीट तपासा, एवढंच म्हटलं तर? इतकी भेकड मी आहे, हे मला त्या दिवशी नव्याने कळलं नाही, फक्त टाळता आलं नाही.

दवाखान्यात आई दाराजवळ बसली नाही. मी पंख्याखालची खुर्ची दाखवली तर म्हणाली, "नको. आज लांबच बरी." तिथे तिला इतरांचं वाचन ऐकू येणार नव्हतं. आमचा नंबर लागला तसा मी तिचा दंड धरून तिला आत नेलं आणि मोबाइल काढला. डॉक्टर म्हणाले, "काय आजी, कसं दिसतंय?" मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "डॉक्टर, आधी हिला भायेर बसवा."

मी बाहेर आले. दार पूर्ण लागलं नव्हतं. मला वाटलं, आता ती घराबद्दल सांगेल. मुलाकडे पाठवू नका, मुलीला कळू देऊ नका, अशी काहीतरी विनवणी करेल. मी त्यासाठी रागही तयार ठेवला होता. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "ही ओळ?"

"नाय."

"वरची?"

"नाय दिसत."

"सगळ्यात मोठं अक्षर, आजी. हे?"

"नाय."

मग त्यांनी बोटं धरली असावीत, कारण ते विचारत होते किती, आणि ती म्हणत होती, हालतंय काहीतरी. दुसऱ्या डोळ्याने तिने दोन ओळी ओळखल्या, चाचरत, चुकत. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला काहीतरी चुकीचं म्हणताना ऐकत होते. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डॉक्टर रागावले नव्हते, पण थकल्यासारखे म्हणाले, "आजी, इतके महिने मुलगी मला वेगळंच सांगतेय. तिला का नाही सांगितलंत?"

आई म्हणाली, "ती घाबरते हो."

आणि पुढे, हळू, जणू मी शेजारच्या खोलीत झोपले आहे, "काय लिवलंय म्हणून इचारते ना, तेव्हा हात थंडगार असतो तिचा माज्या डोळ्यावर. बारीक असल्यापासनं तशीच. मी बरोबर सांगितलं की त्या दिवशी जेवते, झोपते. म्हटलं, माजं काय, मना घर पाठ हाय."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. राग कुठे गेला ते कळलं नाही. मला वाटत होतं की मी तिची काळजी घेते. गेले काही महिने ती माझी घेत होती, आणि त्याची किंमत तिच्या डोळ्यांतून जात होती. माझ्या भीतीनेच तिला पाठांतर करायला लावलं होतं, त्या काळ्या स्क्रीनने नाही की दादाच्या मुंबईने नाही.

डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं. उजव्याचं काही सांगता येत नाही. डावा टिकवायचा प्रयत्न करू, आजपासून पुन्हा दर महिन्याला. "आणि तुम्ही आता तपासू नका," ते म्हणाले, "ते काम माझं." मी मान हलवली. मोबाइलमधल्या नोंदी त्यांनी मागितल्या नाहीत.

इंजेक्शन झाल्यावर आई डाव्या डोळ्यावर पट्टी घेऊन बाहेर आली. उजवा उघडा होता, पण तो आता नुसता उघडा होता. तिने चौकट चाचपली. मी सवयीने हसले, सगळं ठीक आहे असं दाखवायला, आणि ते हसू तसंच तोंडावर राहिलं. मी तिचा हात हातात घेतला. माझा हात थंड पडला होता, आणि तो मला लपवता येईना. तिने तो दोन्ही हातांत घेऊन चोळला, दाराशी येऊन थांबली, आणि पाऊल पुढे टाकून आधी स्वतः खाली अंदाज घेतला.

"हळू ये हां," ती मला म्हणाली. "पायऱ्या हायत."